रोटाची पंगत

रंजितानं परातीतली कणीक मुठींनी दाबली, उलटी केली, पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा दाबली. रोटाची कणीक होती, कानबाईची. सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर पुरण शिजत होतं, परसातल्या चुलीवर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी रटरटत होती आणि बाहेरच्या खोलीत चौरंगावर नारळाची कानबाई नथ लेवून, नटूनथटून बसली होती. रंजिताची सासू कमलबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सुनेचे हात बघत होती. मळण्यात खोट काढावी असं काही सापडत नव्हतं, त्यामुळे तिला बोलायला सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी तिनं सरळच विषय काढला.

"आज रोट खाई ले. नही तं माहेरले जाय. भूपेश गाडीवर सोडी येई. लोकेस्मा मन्ही मान खाले नको घालू."

रंजितानं मान वर केली नाही.

"मी जात नही, आत्या. आनि खात बी नही. पन पंगतमा बठसू."

कमलबाईनं काहीतरी पुटपुटत पुरणाखालचा जाळ कमी केला. एरवी ती एवढ्यावर ऐकून घेणारी बाई नव्हती. म्हसावदच्या त्या गल्लीत तिच्या जिभेला भले भले टरकून असत. पण आज ती पदर खोचून भाजीकडे निघून गेली, आणि रंजितानं सुटकेचा निःश्वास टाकून उंडा झाकून ठेवला.

आता खान्देशाबाहेरच्या माणसाला वाटेल, एका पोळीवरून एवढं काय! पण रोट म्हणजे नुसती पोळी नव्हे. श्रावणात कानबाई ही देवी घरी येते आणि तिच्या नावाचा रोट घरच्यांनीच खायचा असतो. भाऊबंद सोडून परक्याच्या ताटात त्याचा तुकडा पडत नाही. लेक सासरी गेली की तिचाही हक्क संपला. सून मात्र उंबरा ओलांडून आत आली की रोटाची वाटेकरीण. थोडक्यात, खाल्ला ती घरातली आणि नाही खाल्ला ती बाहेरची. गंमत अशी, की या घरात रोटाचे गहू काढताना मूठ भरतात ती फक्त पुरुषांच्या नावानं. सुनेच्या नावाची मूठ नाही, पण ते निवडायला, धुवायला, दळायला, रांधायला आणि खायला सून हवीच. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात रंजिताच्या हे ध्यानात आलं तेव्हा ती हसली होती. यंदा तिला हसू येत नव्हतं. आज पोटदुखीचं निमित्त सांगून माहेरी गेली, तर दर श्रावणात तिला असंच जावं लागणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि जी बाई रोटाच्या दिवशी घरात नसते तिला वर्षाच्या बाकीच्या दिवशी कोण विचारतं?

खरं तर हे दुखणं सुरू झालं ते रोटानंच. रोटाचं आणखी एक बंधन असतं. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे, टाकायचे नाहीत. गेल्या वर्षी ऊन म्हणून पडलं नव्हतं. टोपल्यात ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या रोटांना आंबूस वास यायला लागला. पुरुषांनी नाकं मुरडली, पोरांनी पळ काढला, आणि उरलंसुरलं सुनेच्या वाट्याला आलं. देवीचं कधी बाधत नाही, असं कमलबाई म्हणाली होती. ती खोटं बोलत नव्हती, तिचा खरोखरच तसा विश्वास होता. रंजितानं खाल्लं. मग ताप, आव, रक्त. शहाद्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं, जरा बरं वाटलं तशी घरी आली, आणि टोपल्यात रोट होतेच म्हणून पुन्हा तेच खाल्लं. अंगात ताप आणि ताटात गहू, असं चाललं होतं.

आव गेली, ताप गेला. पण त्यानंतर गव्हाची चपाती पोटात गेली की बेंबीखाली कुणीतरी पिळा घालायला लागायचं. पोट टरारून फुगायचं. धावत जावं लागायचं, आणि आल्यावर भिंतीला टेकून बसावं लागायचं. भूपेशनं, तिच्या नवऱ्यानं, तिला सुरतला नेलं. दुर्बीण घातली, आतड्याचे तुकडे काढले, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. तिथल्या डॉक्टरांपुढे रांग लागलेली होती. काही नाही, टेन्शन घेऊ नका, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. भूपेशचा जीव भांड्यात पडला. त्यानं घरी येऊन तेच दोन शब्द सांगितले आणि घरानं ते झेलले. रंजिता पोट धरून बसली की कुणी ना कुणी म्हणायचं, काही नाही. दुखतंय तिला आणि नाही म्हणणार हे! तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या रागातच ती एकटी एसटीत बसून शहाद्याला डॉ. शगुफ्ता यांच्याकडे गेली. नंदुरबारच्या जुन्या मोहल्ल्यातल्या शिंपी घरातली ही मुलगी, शिकून शहाद्यात दवाखाना चालवत होती. डॉक्टरांनी सुरतचे कागद शांतपणे वाचले, बाजूला ठेवले आणि विचारलं, आव झाली होती त्या दिवसांत तुम्ही काय खात होता? आजवर हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. रंजितानं रोटाचं सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"आतड्याच्या अस्तरात पहारेकरी पेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना अगदी खेटून नसांची टोकं असतात. तुमच्या पोटात जंतू शिरले तेव्हा त्या पेशी लढल्या. त्या धांदलीत समोर गहूही होता. त्यांनी त्यालाही चोरांच्या टोळीतला धरलं. जंतू गेले, पण गव्हावरचा संशय राहिला."

मग त्यांनी सावकाश, हातानं टेबलावर दाखवत पुढचं समजावलं. गहू आला की त्या पेशी आपल्याजवळची जहाल द्रव्यं सोडतात आणि शेजारची नस चिडते. चिडलेल्या नसेला मग साधा वायूसुद्धा सोसत नाही. दुर्बिणीत जखम दिसते, सूज दिसते, पण हा संशय दिसत नाही. रक्तातही सापडत नाही, कारण भांडण सगळं तिथल्या तिथे असतं. गव्हाचा जो दुसरा मोठा आजार असतो तो तुम्हाला नाही, ते सुरतवाल्यांनी नीट पाहिलंय, असंही त्यांनी सांगितलं. आणि शेवटी हेही प्रामाणिकपणे सांगितलं, की हे ज्ञान ताजं आहे आणि तुमच्या पोटात हेच घडलंय हे दाखवणारी तपासणी माझ्याजवळ नाही. गहू बंद करून बघू.

"मग मनाचं काहीच नाही?" रंजितानं विचारलं. हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त खात होता.

"मनाचे निरोपही त्याच नसांवरून जातात. काळजी वाढली की नसा जास्त चिडतात, आणि त्या उलट पेशींनाही चिथवतात. पण म्हणून दुखणं खोटं होत नाही, ताई."

घरी येऊन तिनं हे सगळं जेवणाच्या वेळी सांगितलं. सासरा दोधू पाटील गडगडाटी हसला. आता सुनेच्या पोटात पोलीस चौकी बसली म्हणाला, आणि पुढे कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तो विनोद ऐकवत राहिला. भूपेश हसला नाही, खाली बघून जेवत राहिला. रंजितानं कुणाला काही पटवायचा नाद सोडला. ती आपली ज्वारी वेगळी दळून आणायची, आपली भाकर वेगळी थापायची. आणि दुखणं थांबलं! अंगावर मांस आलं. पपईच्या बागेत तोडणी चालू असली की ती बायांबरोबर उभी राहून हसायची, बांधावरून तरातरा चालायची. काही नाही म्हणणाऱ्यांना काही नाही म्हणू दे, तिचं पोट तिला साक्ष देत होतं.

आणि मग आषाढात ती साक्षच फिरली. त्या दिवशी ती बागेतून जेवायला उशिरा घरी आली, तर कमलबाईनं तिच्यासाठी भाकर करून झाकून ठेवली होती. तिच्या ज्वारीची, तिच्या ताटलीत. आजवर असं कधी झालं नव्हतं. भाकर मऊ होती, कडा कुठे चिरल्या नव्हत्या. हात म्हणावा तो सासूचा, असं रंजिताच्या मनात आलं, आणि खाताना तिचे डोळे भरून आले. दुपार कलते न कलते तोच पिळा सुरू झाला. दोन दिवस ती चटईवर तडफडत पडली होती. गव्हाचा कण पोटात नाही आणि दुखणं तेच! त्या दोन दिवसांत कमलबाई नेहमीसारखं एकदाही नखरे म्हणाली नाही. ती उशाशी बसून बेंबीवर हिंगाचा लेप लावत राहिली, आणि रंजिताला वाटलं, आपण किती त्रास देतोय या बाईला.

दुखणं ओसरलं पण तिची हिंमत खचली. नुसतं भिऊनच दुखायला लागलं असेल, तर मग घरचे म्हणतात ते खोटं कसं? ती शहाद्याला गेली नाही. डॉक्टरांच्या तोंडून तेच ऐकावं लागलं तर, या भीतीनं गेली नाही. इतके दिवस ती जगाशी भांडत होती, आता स्वतःशीच भांडायला लागली. आज कणीक मळताना वरून ती ठाम दिसत होती, पण आतून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं की ती खऱ्यासाठी अडून बसली आहे की हट्टासाठी. तरी अडून बसायचं हे ठरलं होतं. हट्ट तर हट्ट. आपलं पोट आपण राखायचं नाही तर कुणी राखायचं?

आरती झाली. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पंगत बसली. या घरात रोटाला बायकापुरुष एकाच पंगतीत बसतात. भाऊबंदांतले सगळ्यात थोरले ईश्वर आप्पा चौरंगाजवळ बसले, त्यांच्याशेजारी दोधू पाटील, मग चुलत घरं, मग भूपेश. रंजिता स्वयंपाकघरातून आली ती हातात आपली भाकर घेऊन. तिनं ती सगळ्यांच्या देखत आपल्या ताटात ठेवली आणि भूपेशच्या शेजारी मांडी घालून बसली. चुलत जावांनी एकमेकींकडे पाहिलं. भूपेशनं खालमानेनं तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

कमलबाई रोट वाढत वाढत आली. रंजिताच्या ताटापाशी तिचा हात थबकला. पण सगळी पंगत बघत होती. तिनं रोट वाढला आणि पुढे सरकली. गव्हाचा आणि तुपाचा वास रंजिताच्या नाकात शिरला. वास चांगला होता, तिला तो आवडायचा, हेच तर वाईट होतं. तिनं रोट ताटाच्या कडेला सारला.

आप्पांनी ते पाहिलं. आप्पा दुष्ट माणूस नव्हते. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीकडे स्वतः डिंकाचे लाडू पोचवणारा माणूस तो. त्यांनी आवाज चढवला नाही.

"एक घास खाई ले, बेटा. देवीना रोट शे, जहर नही."

"नही, आप्पा."

भूपेशनं तिच्या गुडघ्याला हळूच हात लावला. एक घास, तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. रंजितानं त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्यानं हात उचलला. दोधू पाटलानं घसा खाकरून पोलीस चौकीचा विनोद काढायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही. आप्पांनी पुन्हा समजावलं. सुरतच्या एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलंय, मग हा हट्ट कसला, घरचा रोट अपुरा राहिला तर वर्षभर जिवाला घोर. रंजिता ऐकत राहिली. तिच्या पोटात खरंच काहीतरी हललं, आणि क्षणभर तिला वाटलं की आता इथंच, गहू न खाताच दुखायला लागणार, आणि ही सगळी माणसं जिंकणार.

"मंग पंगतमाईन ऊठ," आप्पा म्हणाले.

"उठत नही." तिनं आपलं ताट जवळ ओढलं. "मी या घरनी शे. पोट मन्हं शे. तुम्हीन माना नका मानू, मी आठेच बठसू."

कुणी घास घेतला नव्हता. सगळ्यांची ताटं तशीच होती. चौरंगाजवळच्या समईचा वास आणि भाजीची वाफ, एवढंच काय ते खोलीत फिरत होतं. कमलबाई रोटांची टोपली काखेला लावून मध्येच उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली, पंगतीतून मागे वळून आली, वाकली आणि रंजिताच्या ताटातला रोट उचलून घेतला.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा. तिले खरंच दुखस."

"तुले काय ठाऊक?"

कमलबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. जन्मभर जी बाई पुढच्याला बोलू देत नव्हती, तिला आता शब्द शोधावे लागत होते.

"आखाडमा मी तिन्ही भाकरीमा गहूनं पीठ घालं. तिले सांगं नही. मनमा म्हनं, तिले माहीतच नही तं दुखी कसं? आनि दुखनं नही तं हाई खूळ जाई, रोटले बठी ती." ती थांबली. "दोन दिन तडफडनी. मन्हा डोयासमोर."

पंगतीत कुणीतरी जीभ चावली. दोधू पाटील बायकोकडे पाहतच राहिला. भूपेश एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता.

रंजिताला आधी राग आला. असा आला की कानशिलं तापली. ती मऊ भाकर, न चिरलेल्या कडा, तिच्यावर आलेलं रडू, मग ते हिंगाचे हात, आणि त्यानंतरचे इतके दिवस स्वतःवर घेतलेला संशय. हा संशय या बाईनं आपल्या हातांनी मळून तिला खाऊ घातला होता. उठावं आणि टोपली भिरकावून द्यावी असं तिला वाटलं. आणि त्या रागाच्या पोटातच दुसरं काहीतरी जागं झालं, जे तिला नीट समजायला एक क्षण गेला. तिला माहीत नव्हतं, तरी दुखलं होतं. मनाला पत्ता नव्हता, पण पोटाला होता. म्हणजे खरं होतं. वर्षभर, सगळ्यांच्या तोंडावर, ते खरंच होतं.

कमलबाई अजून रोट हातात धरून उभी होती. ती माफी मागत नव्हती. माफी कशी मागतात तेच तिला माहीत नव्हतं बहुधा. तिनं रोटाचा तुकडा मोडून उभ्या उभ्या तोंडात टाकला, कारण ताटात पडलेला रोट घरातल्या कुणीतरी खायलाच हवा होता.

"आत्या," रंजिता म्हणाली, "उद्या विसर्जन झायं का शहादाले चला. डाक्टर बाईले हाई आसंच सांगा. मन्हा समोर."

कमलबाईनं घास गिळला.

"सांगसू."

सगळे आप्पांकडे बघत होते. पंगतीत पहिला घास थोरल्यानं घ्यायचा, ही रीत, आणि आप्पांचा हात अजून मांडीवरच होता. रंजितानं ज्वारीची भाकर मोडली, गंगाफळाच्या भाजीला लावली आणि खाल्ली.